अब्बांच्या चपला

“अब्बा झोपलेत आत. या ना तुम्ही,” ती मुद्दाम मोठ्याने म्हणाली, आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. अब्बांना जाऊन आज एकोणीस दिवस झाले होते.

मशीनवाला उंबऱ्याबाहेर उभा होता. खांद्याला हत्यारांची पिशवी, नजर नेहमीसारखी फरशीवर. नऊ वर्षं तो तिचं शिलाई मशीन दुरुस्त करायला येत होता, पण तिचा चेहरा त्याने कधी धड पाहिला असेल की नाही, अल्लाच जाणे. त्याचा नियम साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक होता. घरात बाई एकटी असली की हा पठ्ठ्या आत पाऊल टाकत नसे. मागच्या गल्लीतल्या एकीने “दार सताड उघडं ठेवते” म्हणून विनवलं, तरी गडी जिन्यावरून परत फिरला होता. परक्या बाईने आणि परक्या पुरुषाने घरात एकटं असू नये, एवढंच बोलला. तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. अब्बांनी तिलाही तेच शिकवलं होतं. म्हणून तर आजचं खोटं जास्त टोचत होतं.

पण करते काय? उद्या सकाळी इस्पितळाचे साठ एप्रन द्यायचे होते. बावीस अजून बाकी, आणि कालपासून मशीन टाके सोडत होतं. एवढं जड मशीन तीन मजले खाली न्यायचं कुणी? हे काम हातचं गेलं की भाऊ टपलेलाच होता. मशीन विकून टाक, घराला कुलूप लाव, माझ्याकडे ये. भावाकडे जायचं म्हणजे भाभीची भांडी घासत म्हातारं व्हायचं. शेजारच्या खालांना सोबतीला बसवावं, तर त्याही नेमक्या चार दिवस मुलीकडे गेलेल्या.

मशीनवाल्याच्या कानावर अब्बांचं गेलं नसावं, असं धरून तिने हे नाटक उभं केलं. आतल्या खोलीत पंखा लावला आणि दार लोटून घेतलं. तिपाईवर चहाचा अर्धा कप ठेवला. अब्बांच्या चपला पुसून दाराशी मांडल्या, तेव्हा मात्र तिला रडू आवरेना.

“येतो,” मशीनवाला म्हणाला. पण आला नाही. तिथेच बाहेर बसकण मारून त्याने पिशवी उघडली. “बॉबीनची डबी तेवढी इथे ठेवा. बघतो.”

तिने डबी उंबऱ्यावर ठेवली आणि मागे सरली. त्याने ती उजेडात धरली, पुसली, परत धरली. एवढ्याशा डबीत बघायचं तरी किती?

आणि एकदम तिच्या लक्षात आलं. आज याने सलाम केला नव्हता. दर वेळी तो उंबऱ्यातून आतल्या खोलीकडे बघत खणखणीत सलाम करायचा. अब्बा खोकत खोकत जवाब द्यायचे. मगच तो आत यायचा. आज त्याने आतल्या खोलीकडे मान वळवलीसुद्धा नव्हती.

“रात्रभर खोकत होते,” ती म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं, पण चोराच्या मनात चांदणं. “आत्ता कुठे डोळा लागलाय.”

“हं,” तो म्हणाला. त्याची नजर चपलांवर होती.

तेवढ्यात जिन्यात काठी वाजली. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्. या इमारतीत काठी एकच, खालांची! आल्या वाटतं लवकर. आता दारातूनच गळा काढणार, बापाविना कशी राहतेस गं बाई, म्हणून. या सज्जन माणसापुढे तिची अब्रू जाणार, आणि उद्यापर्यंत मोहल्ल्यात बोभाटा होणार.

“भाई, आत या ना पटकन. मशीन तेवढं बघा!”

तो उठला. पण आत यायच्या ऐवजी जिन्याकडे वळून बघू लागला. टक्. टक्. आता दुसरा मजला झाला असावा.

मग तिचा धीरच सुटला.

“नाहीत ते,” ती म्हणाली. “अब्बा गेले. खोटं बोलले मी तुमच्याशी. जायचं असेल तर जा.”

तो गेला नाही. फरशीकडे बघतच बोलला, “माहीत आहे, आपा. जनाज्याला खांदा दिला होता मी. तुम्ही बायका सगळ्या घरात होतात, तुम्हाला कसं कळणार? ‘अब्बा झोपलेत’ म्हणालात तुम्ही, मग माझ्याच्याने बोलवेना.”

तिला कुठे तोंड लपवावं ते कळेना. काठी शेवटच्या पायरीवर आली. पण खाला नव्हत्याच त्या. कठड्याला धरून एक अनोळखी म्हातारी उभी होती, तिला धाप लागली होती.

“माझी अम्मी,” मशीनवाला म्हणाला. “तीन मजले म्हणजे तिला वेळ लागतो. म्हणून थांबलो होतो.”

म्हातारी आत आली आणि मशीनजवळच्या खुर्चीत मट्कन बसली. तिच्या मागून मशीनवाला आत आला. म्हातारीने तिपाईवरचा कप बघितला, लोटलेलं दार बघितलं, आणि तिचा हात हातात घेतला.

“जिन्यात सगळं ऐकू येतं, पोरी,” ती म्हणाली. “पुढच्या वेळी काम निघालं की मला निरोप धाड. अब्बांना आता झोपू दे.”