बारीक होत गेलेला आवाज

हिमवादळात खिंड उतरणाऱ्या तोलोगोनचा आवाज वायरलेसवर बारीक होत चालला होता.

"काहीच दिसत नाही गं. कुठे आलोय कळेना."

वर कुरणातल्या तंबूत सेट घेऊन बसलेल्या सायकालचं धाबं दणाणलं. "माघारी फीर. मघाशी होतास तिथून नीट ऐकू येत होतं."

मेंढपाळांना हे वायरलेस सेट वाटून देणारी मीरिम तिच्या शेजारीच होती; तिने तिचा हात धरला. "ताई, मागे फिरला तर मरेल. गावच्या मोबाइल टॉवरजवळ गेलं की त्याच्याकडचा सेट आपणहून जोर कमी करून हळू बोलतो, लोकांच्या फोनमध्ये खरखर नको म्हणून. आवाज बारीक होतोय म्हणजे गाव जवळ येतंय."

सायकालने बटण दाबलं.

"ऐक, पुढेच चाल. तुझा आवाज मला अजिबात ऐकू येईनासा होईपर्यंत थांबू नकोस."