मोहितची पकड

कापडाच्या लूमवरचा पगार हातात पडला तसा मी मागच्या दारानं सटकलो. पुढच्या दाराशी माझा दोस्त मोहित उभा असणार, माहीत होतं. पैसे मोबाइलवरच्या जुगाराच्या गेममध्ये टाकायचे, डबल करायचे अन् कर्जाची कटकट आजच्या आज संपवायची. कर्ज गेमनंच चढवलं ना, मग गेमनंच फेडू दे!

लालबागच्या वळणावर त्यानं मागून माझी कॉलर धरलीच.

"पैसे काढ. आज किस्त नाही गेली तर उद्या वसुलीवाले तुझ्या आईच्या दारात उभे राहतील."

"माझी कमाई आहे, तुझ्या बापाची नाही. छोड!"

मी ढकललं, तो हलला नाही. मग मी ठोसाच मारला. त्याचा ओठ फाटला, तरी मले भिंतीशी दाबून त्यानं माझा खिसा रिकामा केला. पानवाला ओरडला, "अरे, भरदिवसा पोराले लुटतो का बे?"

मोहित पैसे शर्टात कोंबून किस्त भरायले गेला. मी तिथंच ओट्यावर धुसफुसत बसलो.

तो परत आला तेव्हा ओठ चांगलाच सुजला होता. पावती माझ्या मांडीवर टाकून म्हणाला, "मी मारलं तरी सोडू नको, असं तूच सांगून ठेवलं होतं. पण भाई, पुढच्या वेळी माझ्याच्यानं नाही होणार."

मी पावती खिशात टाकली.

"मग लूमवरच्या रितेशलेबी आण. एकट्याले आवरत नाही मी."