छापा म्हणजे ऑपरेशन

"छापा पडला तर ऑपरेशन, काटा पडला तर घरी," उशीला टेकत सुचेता म्हणाली. "टाका."

परिमलने मोबाइलवरच्या नाण्याला बोट लावलं. नाणं गरगर फिरलं, खण्णकन वाजलं आणि पडलं. नेहमीप्रमाणे मोबाइल त्याने स्वतःकडेच वळवून धरला होता. त्याने बघितलं, मोबाइल सदऱ्याच्या खिशात टाकला आणि म्हणाला, "छापा."

सुचेता नर्सला बोलवा म्हणाली.

हे नाणं त्यांच्या घरात आलं ते सुचेताच्या शाळेतून. चुँचुड्याला मुलींच्या शाळेत ती गणित शिकवायची. संभाव्यतेचा धडा आला, की मुलींकडून मोबाइलवर नाणं फेकून घ्यायची. नाण्याला आठवण नसते, मागच्या खेपेला आपण कसं पडलो ते त्याला ठाऊक नसतं, हे तिचं ठरलेलं वाक्य. नगरपालिकेत कारकुनी करणाऱ्या परिमलचं गणिताशी हाडवैर. पण हे नाणं मात्र त्याच्या मनात भरलं. नवरा-बायकोचं कुठे अडलं, की तो मोबाइल काढी. इलिश आणायचा की रोहू, दुर्गापूजेच्या सुट्टीत पुरीला जायचं की दार्जिलिंगला, सगळे तंटे नाणं मिटवी. गंमत अशी, की निकाल कायम सुचेताच्या बाजूने लागे. नशीब काढलं बाई हिने, असं शेजारच्या माधुरीबौदी, म्हणजे माधुरीवहिनी, येता-जाता म्हणत.

या वेळचा तंटा मासळीचा नव्हता. ऑपरेशन केलं तर निम्मी आशा, नाही केलं तर घरी औषधांवर चार-सहा महिने, असं कोलकात्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. सुचेताला घरी जायचं होतं. गंगेकडच्या व्हरांड्यात बसून अंगणात पडलेला शिउलीच्या फुलांचा सडा बघायचा होता, आणखी एक पूजा बघायची होती. परिमलला ती म्हातारी झालेली बघायची होती. चार-सहा महिने हे शब्दच त्याच्या घशाखाली उतरत नव्हते. दोघांनी एकमेकांना समजावून पाहिलं, मग नुसते रुसून बसले. आज सकाळी डॉक्टर सांगून गेले, की नऊपर्यंत काय ते कळवा, नाहीतर आजची वेळ दुसऱ्या पेशंटला देतो. तेव्हा सुचेताच म्हणाली, काढा तुमचं नाणं.

जन्मभर मासळीचे तंटे मिटवणाऱ्या नाण्यावर असलं ओझं टाकू नये. पण अडला हरी, म्हणतात ना, तसं झालं.

नर्सने साबण लावून सुचेताच्या हातातल्या सौभाग्याच्या शंखाच्या बांगड्या काढल्या आणि परिमलकडे दिल्या. त्याने त्याही खिशात ठेवल्या. ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत तो स्ट्रेचरला धरून चालत गेला. माधुरीबौदी मागून येत होत्या. दाराशी सुचेताने त्याला खुणेने खाली वाकायला सांगितलं.

"एक सांगू? इतकी वर्षं मी दर वेळी जिंकत आले. गणिताच्या बाईला फसवता होय? असलं नाणं जगात नसतं."

परिमलचा चेहरा उतरला. "मग बोलली का नाहीस कधी?"

"कशाला बोलू? इलिश मिळत होता की." ती हसली. मग तिने त्याचं बोट धरलं. "माझ्या मनासारखं व्हावं म्हणून तुम्ही खोटं बोलायचात. आज मला घरी जायचं होतं, तरी तुम्ही छापा म्हणालात. म्हणजे आज पहिल्यांदाच खरं बोललात. म्हणून तर निमूट जातेय. नुसता तुमचा हट्ट असता ना, तर मी इथून उठून घरी गेले असते."

परिमलने तोंड उघडलं. स्ट्रेचर ढकलणारा माणूस थांबला होता, नर्सही थांबली होती. सांगायला तेवढा वेळ होता.

"जाते म्हणू नये," तो म्हणाला. "येते म्हण."

"येते," सुचेता म्हणाली. दार लागलं.

दुपारी तिला बाहेर आणलं तेव्हा चादर तोंडावरून ओढलेली होती. डॉक्टर बराच वेळ काहीतरी सांगत होते. परिमल मान हलवत होता, पण त्यातलं अक्षरही त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. माधुरीबौदींनी डोळे पुसले, कुणाकडून तरी तिच्या भांगात भरायला शेंदूर मागून आणला आणि बांगड्या मागितल्या. सवाष्ण गेली, तिला मोकळ्या हातांनी पाठवायचं नाही, असं त्या म्हणाल्या.

त्याने खिशात हात घातला. बांगड्यांबरोबर मोबाइलही बाहेर आला आणि अंगठा लागून उजळला. सकाळपासून त्याने त्याला हात लावला नव्हता. नाणं पडलं होतं तसंच पडून होतं.

काटा.