बिननावाची चिठ्ठी

नगरसेवकसाहेबांच्या पायाला भिंगरी. वॉर्डात कुणाचा नळ आटला तरी ते हजर. पण दर रविवारी चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी आलेल्या प्रार्थनेच्या चिठ्ठ्या वाचणं त्यांनी वीस वर्षांत एकदाही चुकवलं नव्हतं. आज शेवटची चिठ्ठी बिननावाची निघाली.

"मला कॅन्सर आहे. डॉक्टर म्हणतात, फार तर दोन महिने. घरी सांगायचं रोज राहून जातंय."

साहेब मान वर करून म्हणाले, "जे कुणी असाल, हक्काने माझ्या घरी या. माझं दार सगळ्यांना उघडं आहे."

"आमेन," सगळे म्हणाले.

मागे नाव असेल म्हणून त्यांनी चिठ्ठी उलटली. मागे त्यांचंच अक्षर होतं.

"मीटिंग आहे, उशीर होईल. तू जेवून घे."