हॅस्केटच्या हाताखाली

शनिवारी कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यात कोच हॅस्केटने आपल्याच कॉर्नरबॅकला, म्हणजे बचावफळीत कडेला खेळणाऱ्या टेरेलला, हेल्मेटची जाळी धरून भर मैदानात गदागदा हलवलं होतं. सोमवारी रॉयसच्या सलूनमध्ये दुसरा विषयच नव्हता.

"पोरानं सरळ दुसरं कॉलेज धरावं," वस्तरा पुसत रॉयस म्हणाला. "हा कोच आहे की कसाई?"

खुर्चीतला वेन्डल उसळला. "गप रे! चार वर्षं त्याच जागी खेळलोय मी, त्याच्याच हाताखाली. त्यानं झोडपलं म्हणून माणूस झालो. टेरेलनं मुकाट राहावं, सोनं होईल त्याचं."

"आणि तुझा निकामी खांदा?"

"खांद्याचं काय घेऊन बसलास!"

तेवढ्यात वेन्डलच्या मुलाचा फोन आला. पोराचा आनंदी आवाज सगळ्या सलूनला ऐकू गेला. "डॅड, कोच हॅस्केट स्वतः शाळेत आलेत! पुढच्या वर्षी मला कॉलेजच्या टीममध्ये घेतो म्हणतात. तुम्ही फक्त हो म्हणा!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वेन्डल मात्र अर्धवट दाढीनिशी उठला, पाठ फिरवून उभा राहिला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "तिथून बाहेर ये, बाळा. त्याला काही उत्तर देऊ नकोस. मी आलोच."