मागच्या चार ओळी

"हे पण नको," म्हणत गोदूबाईंनी तिसरा कागद वेदिकाकडे परत सरकवला.

वेदिका रत्नागिरीतल्या एका छापखान्यात कामाला होती. स्वखर्चानं पुस्तक काढणाऱ्यांना मलपृष्ठावरचा मजकूर तीच लिहून द्यायची. निवृत्त हेडमास्तरांपासून हौशी कवींपर्यंत सगळ्यांना तिनं 'संग्रही असावे असे' म्हणून वाटेला लावलं होतं आणि एकानंही कधी तक्रार केली नव्हती. हर्ण्याच्या या मासळीवालीनं मात्र सकाळपासून तिला घाम फोडला होता.

पुस्तक झकास होतं, यात वाद नव्हता. गोदूबाईंनी ते मोबाईलवर बोलून ठेवलं होतं, पुतणीनं उतरवून घेतलं होतं. लिलावात बोली कुठे थांबवायची, कुठल्या महिन्यात कुठला मासा घ्यायचा आणि मधेच घरातले किस्से. वेदिकानं ते एका बैठकीत संपवलं होतं.

"'कोकण किनाऱ्याचा अस्सल ठेवा' यात वाईट काय आहे, मावशी?"

"बाय, ताजा म्हावरा इकताना ताजा ताजा म्हणून बोंबलायचं नसतं. माशाच्या गालाचा कल्ला उचलून दावायचा. आत लाल दिसला, की गिऱ्हाईक आपसूक खाली वाकतं."

वेदिका बघतच राहिली. इतक्या वर्षांत तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिनं जुना कागद फाडला आणि नवा घेतला.

"मग कल्ला कुठला दाखवू?"

"बांगड्याची गोष्ट."

दोघींनी मिळून चार ओळी जुळवल्या. गोदूबाई एकेक जादा शब्द काट्यासारखा वेचून काढत होत्या. शेवटी कागदावर एवढंच उरलं:

'बांगड्याचे उघडे डोळे बघून एका पोरीनं जेवण टाकलं. तिला जेवती करायला घरच्यांनी एक थाप मारली. ती थाप होती, हे त्या पोरीला आजही ठाऊक नाही. पान बारा.'

"आणि पुढे?"

"पुढं काय नाय. कल्ला दावला, आता टोपली झाक."

वेदिकाला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. "आता परिचय. फोटो आणलाय ना तुमचा?"

"फोटो नको. नाव पण नको, म्होरं नको नि मागं पण नको. आत शेवटच्या पानावर टाक बारीक. आणि हर्ण्याचं नाव भायेर कुठं दिसता नये."

इथे माणसं शाल-नारळाचे फोटो घेऊन येतात आणि ते मोठे छापा म्हणून हट्ट धरतात. या बाईला नावाचीसुद्धा हौस नव्हती. अशी लेखिका वेदिकानं पाहिली नव्हती आणि तिनं तसं बोलूनही दाखवलं.

गोदूबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या चार ओळींवरून बोट फिरवत होत्या.

"उघडेल ना गो? हे वाचून पुस्तक उघडायला पायजे. नायतर माझी सगळी मेहनत पाण्यात."

"कुणीही उघडेल, मावशी."

"कुणीही नको सांगू. तू खरं सांग. तुझ्या हातात आलं, तर खाली ठेवशील?"

"नाही ठेवणार. आधी पान बारा काढेन."

गोदूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. वेदिकालाही भरून आलं. तिनं मागणीचा फॉर्म पुढे ओढला.

"हे हातोहात खपणार बघा. पाचशे प्रती काढू की हजार?"

"एक."

"एक हजार?"

"एकच काढ. आणि पुडक्यावर तुझ्या छापखान्याचं नाव घालून धाड." त्यांनी कमरेच्या पिशवीतून पत्त्याचा कागद काढला. राही, ठाणे. "माझी लेक हाय. माझी पत्रं चौदा वर्षं न फोडताच परत येतात."