दमेकरी गप्प झाला

शेवटचा व्हॉल्व्ह बदलला आणि केंद्र गप्प झालं.

आवारभर पसरलेल्या पाइपांमध्ये सगळे क्षणभर होते तिथेच थबकले. विहिरींतून येणारा वायू गोळा करून पुढे धाडायचं हे केंद्र. सुरू झाल्यापासून ते कधी गप्प बसलं नव्हतं. इथले व्हॉल्व्ह वायूच्याच दाबावर उघडत, मिटत आणि दर खेपेला थोडा वायू फुस्सकन हवेत सोडून देत. दिवसरात्र फुसफुस चाललेली. कामगार तिला केंद्राचा श्वास म्हणत.

आणि त्या श्वासाचा वैद्य म्हणजे कानसेन.

केंद्रातला सगळ्यांत जुना ऑपरेटर. खरं नाव हजेरीपटावरच उरलेलं. घरात कुणी फ्रीजचं दार नीट लावलं नाही, तर पलीकडच्या खोलीतून ओरडणारा माणूस. नव्या भरतीच्या गड्याला तो आवारात डोळे मिटून उभा करी आणि नुसत्या आवाजावरून व्हॉल्व्ह ओळखायला लावी. चुकला की सगळ्यांचा चहा त्याच्याकडून. "आवाज आहे तोवर निर्धास्त राहायचं," तो बजावून सांगे. "गप्प झालं की पळायचं." जेवायच्या बाकाशेजारी एक व्हॉल्व्ह सगळ्यांत मोठ्यानं धापा टाकी. त्याचं बारसं कानसेननंच केलं होतं. दमेकरी.

हा श्वास बंद पाडला कुणी, तर त्याच्याच सुनेनं.

ती कंपनीत इंजिनिअर. वायू कुठे वाया जातो ते शोधून थांबवायचं, हे तिचं काम. इथल्या वायूला वास नसतो. वास पुढे, घरोघरी पोचवण्याआधी मिसळतात. म्हणून तिच्याकडे एक कॅमेरा होता. डोळ्यांना न दिसणारा वायू त्यात काळ्या धुरासारखा दिसे. तिनं तो सासऱ्यांच्या हातात दिला, तेव्हा एकेका व्हॉल्व्हच्या डोक्यावर धूर होता. दमेकऱ्याभोवती तर ढगच.

"मामा, हा श्वास नाही हो," ती म्हणाली होती. "हा आपला माल चाललाय. वर जाऊन हवा तापवतो ते वेगळंच. हे सगळे व्हॉल्व्ह विजेवर चालतील."

कानसेन गोरामोरा झाला. धूर दिसला होता, नाकारायची सोय नव्हती. पण हट्ट तो हट्ट.

"बदल, खुशाल बदल. पण ज्या दिवशी केंद्र गप्प होईल, त्या दिवशी मी घरी. मग माझ्या कानांचं इथं काय काम?"

तेव्हापासून घरी जेवताना ताट-वाट्यांचाच काय तो आवाज. तिचा नवरा एकदा बापाकडे बघे, एकदा बायकोकडे, आणि मुकाट्यानं जेवे. तिला वाईट वाटत होतं. सारा जन्म कानांवर जगलेल्या माणसानं घरी बसून करावं काय, फ्रीज राखावा? पण काम सोडून द्यावं असं तिच्या एकदाही मनात आलं नाही. ते करायलाच हवं होतं.

आणि आज ते झालं होतं. सगळे दाब जिथल्या तिथे होते. नवे व्हॉल्व्ह उघडत होते, मिटत होते, आणि हूं की चूं नाही.

कानसेननं चहूकडे नजर फिरवली. "छान झालं काम," तो म्हणाला, आणि ते मनापासून म्हणाला. मग जेवायच्या बाकावर बसला, पिशवीतून चपला काढल्या आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागला.

ती धावत आली. "मामा, अहो, निदान महिनाभर तरी..."

त्यानं हात वर केला. मान तिरकी झाली. एक पाय बुटात, दुसरा नुसत्या मोज्यात, अशा अवतारात तो खाली उतरला, गुडघे टेकले आणि बाकाखालून जाणाऱ्या पाइपाच्या दिशेनं कान नेला.

"कॅमेरा आण."

पडद्यावर बाकाखालच्या जोडातून एक बारीक काळी धार निघत होती. बोल्टांवर चढलेला गंज बघता हे दुखणं आजकालचं नव्हतं.

"मागच्या वेळी मी इथंच उभी होते," ती म्हणाली. "मला कसं दिसलं नाही?"

"दमेकऱ्याच्या ढगात कसं दिसणार? मलाही त्याच्या घरघरीत ऐकू आलं नाही." कानसेन तसाच खाली बसून राहिला. मग खदखदून हसला. "वर्षानुवर्षं याच्याच डोक्यावर बसून डबा खाल्ला मी. म्हणे कानसेन!"

फिटर लाइन बंद करायला धावला. कानसेननं काढलेला बूट पुन्हा चढवला आणि नाडीसुद्धा न बांधता पुढच्या पाइपाकडे निघाला. चपला बाकावरच राहिल्या.

ती मागोमाग गेली. "मामा, म्हणजे आता तुम्ही घरी..."

त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"गप्प बस जरा, सूनबाई. आत्ता कुठे मला ऐकू यायला लागलंय."